गाडीच्या वाटेवर झुकलेल्या फांद्या: मोजणीपासून कापापर्यंत

अलिबागजवळच्या आमच्या घराचं गेट ते पोर्च हे अंतर जेमतेम तीस पावलांचं. डाव्या हाताला दोन आंबे आणि एक फणस, उजवीकडे गुलमोहर, बकुळ आणि कुंपणाला लागून चार नारळ. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्या दुपारी पोर्चकडच्या आंब्याची एक मोठी फांदी गाडीच्या वाटेवर आडवी झाली. वादळच एवढं होतं की कुणाला दोष द्यावा असं आधी वाटलं नाही. पण ती जिथून फाटली ती जागा जवळून पाहिली आणि मन खट्टू झालं. काही वर्षांपूर्वी छाटणीला आणलेल्या माणसांनी तिथेच शेजारची फांदी कोयत्याने तोडून हातभर खुंट ठेवला होता. तो खुंट कुजला, कूज खोडात उतरली आणि चांगली धडधाकट फांदी त्या पोकळ जागेतून निघाली. बोट घातलं तर ओल्या चहाच्या चोथ्यासारखा भुसा हाताला लागला.

तेव्हापासून आमच्या वाटेवरच्या फांद्यांची छाटणी मी स्वतः करते, आणि जी मला झेपणार नाही ती समोर उभी राहून करून घेते. कशी, ते सविस्तर लिहिते आहे. फांदी कुठे कापायची याला यात सगळ्यात जास्त महत्त्व आहे. बाकीची तयारी सगळी त्या एका कापासाठी.

आधी मोजा, मग ठरवा

‘फांद्या फार खाली आल्यात, जरा सफाई करून टाका’ असं सांगितलं की झाड भुंडं होतं. म्हणून सफाई हा शब्दच नको. आपल्याला किती उंची मोकळी हवी आहे, ते आधी ठरवायचं.

एक लांब बांबू घ्या. जमिनीपासून अडीच मीटरवर एक, तीनवर दुसरी आणि साडेचारवर तिसरी अशा रंगीत चिंध्या बांधा. वर कॅरिअर असलेल्या गाडीला अडीच मीटर पुरतात. टेम्पो किंवा रुग्णवाहिका आत यायची तर तीनाच्या वर हवेत. पाण्याचा टँकर, घरसामानाचा ट्रक, वेळ आलीच तर अग्निशमनाची गाडी, यांच्यासाठी साडेचार. आमच्याकडे मे महिन्यात टँकर मागवावा लागतो, म्हणून मी साडेचार धरले. तुमच्याकडे फक्त घरची गाडी येत असेल तर तीनवर थांबा. दीड मीटरची सावली उगाच का घालवायची?

बांबू उभा धरून गेटपासून पोर्चपर्यंत चालत जा. मध्यभागातून एकदा आणि दोन्ही कडांनी एकेकदा. इथे एक गोष्ट हमखास चुकते. आपण मोजतो उन्हाळ्यात आणि फांदी घासते पावसाळ्यात. ओल्या पानांचं वजन एवढं असतं की आमच्या गुलमोहराची एक फांदी भर पावसात हातभर खाली येते. आंबे लागले की आंब्याचीही तीच गत. त्यामुळे एकदा पाऊस थांबल्या थांबल्या मोजून ठेवा. ते जमलं नाही तर हव्या असलेल्या उंचीवर आणखी दोन फूट धरा.

उंचीइतकंच गेटच्या तोंडाशी काय दिसतं तेही बघा. गाडीत चालकाच्या जागेवर बसा आणि बाहेर काढताना दोन्ही बाजूंचा रस्ता दिसतो का पाहा. पुष्कळदा आड येते ती जास्वंद किंवा बोगनवेल, आणि आपण मात्र वरच्या आंब्याकडे बघत असतो. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीतली दाटी काढली की मोठ्या झाडाला हात लावायची गरजच उरत नाही, असंही होतं.

आता कापायच्या फांद्यांना लाल लोकर किंवा रिबन बांधा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. गेटमधून बघा, ओसरीवरून बघा, वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून बघा. मी पहिल्यांदा अकरा रिबनी बांधल्या होत्या, दोन दिवसांनी त्यातल्या चार सोडल्या.

हे ठरवताना दोन हिशेब डोक्यात ठेवा. एका वर्षात झाडाच्या हिरव्या पसाऱ्याच्या पाव हिश्श्याहून जास्त काढायचं नाही. म्हाताऱ्या झाडाचं तर त्याहूनही कमी. आणि झाडाच्या एकूण उंचीपैकी वरचे दोन तृतीयांश तरी पानांनी भरलेले राहिले पाहिजेत. नऊ मीटरच्या झाडाची खालची तीन मीटर मोकळी केली तर चालतील, पाच नाही. लहान झाड असेल तर खालच्या फांद्या दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने काढा, कारण त्या खालच्या फांद्याच खोड जाड करत असतात.

फक्त वाटेकडची बाजू कापत राहिलं की झाडाचा सगळा भार दुसऱ्या बाजूला जातो. दुसऱ्या बाजूला आपलंच घर असतं. म्हणून वाटेकडून दोन मोठ्या फांद्या जाणार असतील, तर पलीकडच्या बाजूचीही टोकं थोडी हलकी करा.

परवानगी आणि शेजारी

झाड आपलं, जागा आपली, तरी शहरात विचारावं लागतं. महाराष्ट्रात नागरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा आहे. त्यात झाड तोडणं या शब्दांत झाडाला इजा करणंही येतं. त्यामुळे महापालिकेच्या उद्यान विभागात किंवा नगरपरिषदेत छाटणीसाठी अर्ज करा. झाडाची जात, कुठल्या फांद्या, कशासाठी, हे लिहा आणि रिबनी बांधलेल्या फांद्यांचे फोटो जोडा. फोटो असले की पाहणीला आलेल्या माणसाला समजावत बसावं लागत नाही. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा लागू होतो आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा ही आपल्या अंगणातली झाडंही आहेत. मोठी फांदी काढण्याआधी ग्रामपंचायतीत आणि वनखात्याच्या माणसाला विचारून घ्या. गोव्यात १९८४ चा स्वतंत्र कायदा आहे.

झाड शेजाऱ्यांचं आणि फांदी आपल्या वाटेवर, असं असेल तर कायद्याच्या आधी चहा. आमच्या शेजारच्या काकांच्या फणसाची फांदी आमच्या गेटवर येत होती. मी त्यांना बांबू घेऊन आमच्या बाजूने चालायला लावलं. त्यांनी स्वतःच दाखवलं की कुठून कापायचं.

तारा, घरटी, मोहोळ

फांदीतून किंवा फांदीच्या जवळून विजेची तार जात असेल तर ते काम तुमचं नाही, तुमच्या माळ्याचंही नाही. तारेपासून तीन मीटरच्या आत शिडी, करवत, बांबू, ओला दोर काहीही न्यायचं नाही. हिरवी फांदी ओली असते आणि ओल्या फांदीतून वीज उतरते. १९१२ वर तक्रार नोंदवा किंवा जवळच्या वीज कार्यालयात लेखी द्या. पावसाळ्याआधी त्यांची तारांखालची छाटणी चालू असते, तेव्हा काम लवकर होतं. त्यांची माणसं तार मोकळी करायला येतात, झाडाला आकार द्यायला नाही. म्हणून लाइन बंद असेपर्यंत त्यांच्या सोबत उभं राहून नीट काप मारून घेता आला तर फार बरं.

तार नसली तरी वर चढण्याआधी पाच मिनिटं झाडाखाली शांत उभं राहा. पक्षी एकाच ठिकाणी सारखा ये-जा करत असेल तर तिथे घरटं आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना धक्का लावणं शिकारीतच मोडतं. कायदा नसता तरी पिल्लं उडेपर्यंत तीन-चार आठवडे थांबायला काय हरकत आहे? आग्या माश्यांचं पोळं असेल तर मात्र थांबायचं नाही, लांब व्हायचं आणि माहीतगाराला बोलवायचं. करवतीच्या हादऱ्याने त्या उठतात.

हंगाम

साधारण नियम असा की कोरड्या हवेत कापा. फेब्रुवारी ते मेचा मध्य हा काळ बहुतेक झाडांना मानवतो. भर पावसात कापलेली जागा ओली राहते, बुरशी धरते, आणि शेवाळलेल्या फांदीवर पाय घसरतो तो वेगळाच. मोडलेली, लोंबणारी, कुजलेली फांदी मात्र दिसेल त्या दिवशी काढा, तिला हंगाम नाही.

आंबा अपवाद. त्याचा मोहोर फांदीच्या पिकलेल्या टोकांवर येतो. दिवाळीच्या सुमारास टोकं छाटली तर त्या फांदीचे त्या वर्षीचे आंबे गेले असं समजा. फळं उतरली की लगेच आणि पाऊस जोर धरण्याआधी, हा आंब्याचा मुहूर्त.

हत्यारं

बोटाएवढ्या फांदीला सिकेटर, म्हणजे एका हाताने चालवायची छाटणीची कात्री, अंगठ्याहून जाड असेल तर लांब दांड्यांची कात्री, त्यापुढे वाकड्या पात्याची छाटणीची करवत. सुताराची करवत ओल्या लाकडात अडकते. बांबूला किंवा अॅल्युमिनियमच्या दांड्याला करवत लावून जमिनीवरूनच कापता येतं. पण तारांच्या आसपास धातूचा दांडा आणूच नका. कोयता आणि कुऱ्हाड खाली पडलेल्या फांद्या तोडायला ठेवा. झाडावर कोयता चालवला की साल चिंध्यांसारखी फाटते आणि ती जखम झाकायला झाडाला कितीतरी वर्षं लागतात.

पातं धारदार हवं आणि स्वच्छ हवं. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटने पुसून घ्या. याशिवाय हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, लांब बाह्यांचा शर्ट, जाड हातमोजे, एक मजबूत दोर. आंब्याचा चीक अंगावर पडला तर कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून दंडाला आधी खोबरेल लावून घ्या. वड-उंबराचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

गाडी बाहेर काढा, गेट लावून घ्या, पोरंसोरं आणि कुत्री घरात. फांदी जिथे पडेल असं वाटतं त्याच्या दुप्पट जागा मोकळी ठेवा. खाली एक माणूस हवाच, आणि त्याचं काम फक्त बघणं आणि ओरडून सांगणं. शिडी खोडाला टेकवून वरून बांधा. जी फांदी कापायची तिलाच शिडी टेकवणारी माणसं मी पाहिली आहेत. फांदी सुटली की उरलेली वर उसळते आणि शिडी हवेत राहते.

तीन काप

आता मुख्य काम. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे आधी हात फिरवा. वरच्या अंगाला बेचक्यात सालीची एक काळपट, सुरकुतलेली उंच रेघ लागेल. खालच्या अंगाला फांदीच्या मुळाशी किंचित फुगवटा लागेल, बांगडी घातलेल्या मनगटासारखा. हे कडं खोडाच्या मालकीचं आहे, फांदीच्या नाही. जखम बंद करणारी साल इथूनच येते. काप या कड्याच्या लगेच बाहेर पडला पाहिजे. कड्यात घुसायचं नाही आणि कड्यापासून लांबही राहायचं नाही.

अमेरिकेच्या वनखात्यात काम केलेल्या अॅलेक्स शायगो या शास्त्रज्ञाने हजारो झाडांची खोडं उभी चिरून दाखवलं की झाड आपल्यासारखी जखम भरून काढत नाही. ते कुजणाऱ्या भागाभोवती आतून भिंती उभ्या करतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. कडं कापलं तर ती भिंतच फोडल्यासारखं होतं. खुंट ठेवला तर नवी साल त्याच्यावर चढूच शकत नाही, खुंट कुजतो आणि आत जायला वाट करून देतो. आमच्या आंब्याचं नेमकं हेच झालं होतं.

मनगटाएवढी किंवा त्याहून जाड फांदी एका कापात कधीच काढू नका. वरून कापत गेलात की अर्ध्यात ती वजनाने वाकते, मोडते आणि खोडाची साल वितभर सोलत खाली येते.

पहिला काप खालून. खोडापासून फूटभर अंतरावर, फांदीच्या खालच्या अंगाने वर, जाडीच्या पाव ते तिसरा हिस्सा. करवत अडकायला लागली की थांबा.

दुसरा काप वरून, पहिल्यापेक्षा दोन-तीन बोटं बाहेर, टोकाच्या दिशेने. फांदी या कापावर मोडून पडेल आणि साल सोलत आली तरी पहिल्या कापापाशी अडेल. हा क्षण धोक्याचा असतो. पाय कुठे आहेत, खाली कोण आहे, आधी बघा.

तिसरा काप आता उरलेल्या फूटभर खुंटाचा. वजन गेलेलं असतं, घाई नसते. वरच्या सुरकुतलेल्या रेघेच्या बाहेरून सुरुवात करून खालच्या फुगवट्याच्या बाहेर उतरा. हा काप खोडाला समांतर येत नाही, थोडा तिरका येतो, आणि तेच बरोबर आहे. शेवटच्या इंचभरात खुंट दुसऱ्या हाताने धरा म्हणजे साल फाटणार नाही.

कापलेल्या जागेवर डांबर, ऑइल पेंट, शेण काहीही थापू नका. त्याने आत ओल कोंडते. आंब्याला आणि फणसाला मात्र कोकणच्या दमट हवेत मी बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावते: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत अर्ध्या अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून मग एकत्र ओतायचं. लोखंडी खिळा त्यात बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला.

सगळीच फांदी काढायची नसेल, नुसती आखूड करायची असेल, तर मधेच कुठेतरी तोडू नका. तिच्यावर योग्य दिशेने जाणारी एक उपफांदी शोधा, मूळ फांदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी तरी जाड, आणि तिच्या लगेच पुढे कापा. म्हणजे रस तिच्याकडे वळतो. मधेच भादरलं तर त्या टोकावर झाडूसारखे दहा फुटवे येतात, सरळ वर जाणारे आणि पोकळ जोडाचे. विदर्भातले संत्रावाले त्यांना पानसोट म्हणतात. दोन वर्षांत तेच वाटेवर लोंबू लागतात.

माणूस कधी बोलवायचा

पंधरा सेंटिमीटर जाडीच्या आणि तीन मीटर लांबीच्या ओल्या फांदीचं नुसतं लाकूड पन्नास किलोच्या आसपास भरतं. डहाळ्या, पानं, फळं वेगळी. एवढं वजन शिडीवरून सांभाळता येत नाही. माझा स्वतःपुरता नियम असा: मनगटापेक्षा जाड, खांद्यापेक्षा वर किंवा छपरावर येणारी फांदी असेल तर माणूस बोलवायचा. खोडावर अळंब्या उगवल्या असतील, ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, किंवा बेचक्यात साल आत दबून उभी चीर दिसत असेल तर त्या झाडावर स्वतः चढायचंच नाही. यंत्राची करवत शिडीवर उभं राहून कुणीही चालवायची नाही, त्यानेही नाही.

व्यवहार ठरवताना ‘मजुरी नको, लाकूड आम्ही नेतो’ हा सौदा टाळा. ज्याची कमाई लाकडात आहे तो जास्त लाकूड काढणार. दिवसाची मजुरी ठरवा, फक्त रिबनीच्या फांद्या दाखवा, काप कुठे हवा तिथे खडूने रेघ मारून द्या. जड फांदी वरच्या भक्कम बेचक्यातून दोर घालून, खाली खोडाला दोन वेढे देऊन हळूहळू उतरवायची, हे आधी बोलून घ्या. पोर्चचे पत्रे त्यानेच वाचतात.

झाडागणिक थोडं वेगळं

गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, आणि ते झाड आडवं पसरणारं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडली की सांगाडा स्पष्ट दिसतो, तेव्हाच लांब फांद्यांची टोकं हलकी करा. शेवगा तर हाताने मोडतो. तो वाटेच्या कडेला नकोच, असला तर दर वर्षी शेंगा संपल्या की खाली घ्या. कडुनिंब छाटणी सोसतो. बकूळ सावकाश वाढते, तिला कमीत कमी हात लावा. आंब्यावर बांडगूळ दिसलं तर ते आधी काढा, पुष्कळदा वाटेवर लोंबतं ते तेच. बांडगुळाच्या गाठीच्या थोडं मागून आंब्याची फांदीच कापावी लागते, नुसतं ओरबाडलं तर ते पुन्हा फुटतं. खोडाला भोक आणि खाली भुशाची रांगोळी दिसली तर खोडकिडा आहे, छाटणी पुढे ढकला आणि आधी त्याचा बंदोबस्त करा.

नारळाला फांदी नसते. वाटेवरच्या नारळाच्या सुकलेल्या आणि लोंबणाऱ्या झावळ्या काढा, नारळ वेळेवर उतरवून घ्या. हिरव्या झावळ्या मात्र तशाच राहू द्या, त्यांच्याच काखेत पुढची पोय, म्हणजे फुलोरा, येते.

नंतर

पालापाचोळा जाळू नका. डहाळ्यांचे बोटाएवढे तुकडे करून झाडाच्याच आळ्यात पसरा, खोडापासून वीतभर लांब. पहिल्या पावसानंतर कापलेल्या जागेजवळ फुटवे आले तर कोवळे असतानाच अंगठ्याने खुडून टाका. आणि दर वर्षी होळीच्या आसपास बांबू घेऊन एक फेरी मारा. अंगठ्याएवढी असताना काढलेल्या फांदीला सिकेटर पुरतो, झाडाला ती जखम एका पावसाळ्यात झाकता येते, आणि पन्नास किलोचा प्रश्न कधी उभाच राहत नाही.

पोर्चकडच्या त्याच आंब्यावर वादळात फाटलेल्या फांदीच्या खालची एक फांदी मी २०२१ च्या मेअखेरीस कड्याबाहेर तिरका काप देऊन काढली होती. पहिल्या वर्षी कापाभोवती तांबूस सालीची बारीक कड उठली. मग ती सगळ्या बाजूंनी आत सरकत गेली, भाकरीच्या कडा दुमडाव्यात तशी. आता मधे रुपयाच्या नाण्याएवढं लाकूड उघडं राहिलंय.